पाण्याचा हिशेब दोन्ही बाजूंचा हवा

पुण्यातील बहुसंख्य घरांना पाण्याचे स्वतंत्र बिल असे वर्षानुवर्षे येतच नाही. मालमत्ता कराच्या मागणीपत्रकात पाणीपट्टीची एक ओळ असते आणि तिच्यासमोरचा आकडा घराच्या करपात्र मूल्यावरून ठरलेला असतो. त्या घराने वर्षभरात किती पाणी वापरले, याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नसतो. सकाळी तासभर नळाची वाट पाहणारा आणि बागेला मनसोक्त पाणी घालणारा, दोघेही एकाच पद्धतीने पट्टी भरत आले आहेत. महापालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेने ही पद्धत मोडायची असे ठरवले. या योजनेत सुमारे तीन लाख नळजोडांवर मीटर बसवायचे, आणि तेही असे की ते वाचण्यासाठी कोणी दारात यायची गरज पडू नये, असा बेत आखण्यात आला. मीटर स्वतःच आपला आकडा रेडिओ लहरींवरून कळवणार.

या मीटरना अनेक ठिकाणी विरोध झाला. काही सोसायट्यांनी मीटर बसवणाऱ्या कर्मचाऱ्यांना परत पाठवले, तर काही ठिकाणी लोकप्रतिनिधींनी ‘आधी पाणी द्या, मग मीटर लावा’ अशी भूमिका घेतली. प्रशासनाचे उत्तर ठरलेले असते. मीटर नसेल तर गळती सापडणार नाही, उधळपट्टी थांबणार नाही आणि चोवीस तास पाणी देता येणार नाही. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. तथापि या वादात मूळ प्रश्न मागेच पडतो. दूरवरून वाचता येणारे मीटर हे केवळ वसुलीचे साधन समजायचे, की नागरिक आणि महापालिका या दोघांनाही बांधून ठेवणारा हिशेब समजायचा? या प्रश्नाचे उत्तर ज्या शहरांनी आधी दिले तेथे मीटर टिकले. ज्यांनी ते टाळले त्यांच्या वाट्याला कोर्टकज्जे, मोर्चे आणि बंद पडलेली यंत्रे आली.

मीटर काय करते आणि काय करत नाही

पाण्याचे जुने मीटर हे घड्याळासारखे यंत्र होते. पाण्याच्या प्रवाहाने आतील चक्र फिरते आणि तबकडीवरील आकडे पुढे सरकतात. महिन्या-दोन महिन्यांनी मीटर वाचक येतो, खड्ड्यातील झाकण उघडतो, काच पुसतो आणि आकडा वहीत उतरवतो. झाकणावर मोटार उभी असेल, काच धूसर झाली असेल किंवा खड्ड्यात गटाराचे पाणी साचले असेल, तर वहीत अंदाजाचा आकडा पडतो आणि ग्राहकाला ‘सरासरी’ बिल येते. महापालिकांच्या तक्रार कक्षांत ज्यांनी कधी खेटे घातले आहेत त्यांना या सरासरीचा महिमा ठाऊक असतो.

स्वयंचलित मीटरवाचनाची, म्हणजेच ‘एएमआर’ची, कल्पना या अडचणीतून पुढे आली. मीटरला बॅटरीवर चालणारा एक छोटा प्रेषक जोडला जातो. पहिल्या पिढीत कर्मचारी हातात यंत्र घेऊन गल्लीतून चालत जातो किंवा गाडीतून फिरतो आणि वाटेतील सर्व मीटरचे आकडे त्याच्या यंत्रात आपोआप जमा होतात. पुढच्या पिढीत इमारतींवर वा खांबांवर ग्राहक यंत्रे बसवली जातात आणि आकडे थेट मुख्य कार्यालयातील संगणकावर पोहोचतात. मोजण्याचा भागही बदलत गेला. फिरत्या चक्राऐवजी ध्वनिलहरींच्या किंवा विद्युतचुंबकीय तत्त्वावर चालणारे, एकही हलता भाग नसलेले मीटर आता बाजारात आहेत.

या तंत्राचा लाभ खरा आहे. न्यूयॉर्क शहराने २००९च्या सुमारास आठ लाखांहून अधिक नळजोडांवर अशी यंत्रणा बसवण्यास सुरुवात केली. पूर्वी तीन महिन्यांतून एकदा मिळणारा आकडा तेथे दिवसातून अनेकदा मिळू लागला. त्यातून पुढे ग्राहकाला सावध करण्याची सेवा निघाली. एखाद्या घराचा वापर अचानक वाढलेला दिसला की घरमालकाला संदेश जातो की घरात कुठेतरी गळती असावी. शौचालयाच्या टाकीतून रात्रंदिवस झिरपणारे पाणी ऐकूही येत नाही, पण तीन महिन्यांच्या बिलात ते मोठी रक्कम होऊन बसते. ती रक्कम होण्याआधीच सूचना देणारे मीटर ग्राहकाला नकोसे वाटण्याचे कारण नाही.

मात्र मीटर पाणी आणत नाही, दाब वाढवत नाही आणि फुटलेली वाहिनी सांधत नाही. ते केवळ मोजते. शिवाय ते अचूक मोजते तेही काही अटींवर. त्यातली पहिली अट म्हणजे वाहिनी सतत पाण्याने भरलेली असणे. आपल्या शहरांत नेमकी हीच अट पाळली जात नाही.

हवेचेही बिल?

दिवसातून दोन-चार तास पाणी सोडण्याच्या पद्धतीत उरलेले वीस तास वाहिन्या रिकाम्या असतात. त्यांत हवा शिरते. पाणी सुटले की ही हवा पुढे ढकलली जाते आणि नळातून फुसफुसत बाहेर पडते. जाताना ती चक्राचे मीटर फिरवते. म्हणजे ग्राहकाच्या खात्यावर काही अंशी हवाही मांडली जाते. यावर हवा बाहेर सोडणाऱ्या झडपांचा उपाय आहे आणि नव्या प्रकारचे मीटर हवेला सहसा फसत नाहीत, हे खरे. पण कोणत्या शहराने कोणत्या प्रकारचे मीटर घेतले, हे नागरिकाला सहसा सांगितले जात नाही. मीटर दूरवरून वाचता येते म्हणजे ते अचूक आहे, असा समज मात्र करून दिला जातो. मोजणे आणि कळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चुकीचा आकडा रेडिओ लहरींवरून पाठवला म्हणून तो बरोबर ठरत नाही.

उलट दिशेनेही चूक होते आणि तिचा तोटा महापालिकेला होतो. आपल्याकडे जवळपास प्रत्येक इमारतीला जमिनीखाली एक आणि गच्चीवर एक अशा टाक्या असतात. टाकी भरत आली की तरंगता गोळा झडप हळूहळू बंद करतो आणि पाणी अगदी बारीक धारेने येऊ लागते. ही धार इतकी मंद असते की अनेक मीटरना ती जाणवतच नाही. घराघरांवर टाक्या असलेल्या माल्टासारख्या देशातील अभ्यासकांनी हा दोष पूर्वीच दाखवून दिला आहे. रात्रीच्या शांत वेळी पाणी वाहत असेल तर ती गळती, हा न्यूयॉर्कमधला साधा नियमही येथे लागू पडत नाही. येथे मध्यरात्री वाहणारे पाणी म्हणजे भरत असलेली टाकी असू शकते.

म्हणूनच क्रमाला महत्त्व आहे. आधी वाहिन्या बदलायच्या, विभाग पाडायचे, दाब सतत राखायचा आणि मग मीटरच्या आकड्यावर बिल द्यायचे. सातारा जिल्ह्यात कराडला लागून असलेल्या मलकापूरने हाच मार्ग घेतला. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या तांत्रिक साहाय्याने या छोट्या गावाने चोवीस तास पाणीपुरवठा सुरू केला, घरोघरी दूरवाचनाचे मीटर बसवले आणि वापर वाढेल तसा दर चढत जाईल अशी आकारणी लागू केली. चोवीस तास पाणी मिळाले तर लोक अधिक उधळतील ही भीती तेथे खरी ठरली नाही. नळाला पाणी कधीही येते याची खात्री झाल्यावर भांडी भरून ठेवण्याची आणि शिळे पाणी दुसऱ्या दिवशी ओतून देण्याची सवय हळूहळू सुटते. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा या शहरांतील निवडक विभागांत २००८पासून जो प्रयोग झाला त्यातही आधी त्या विभागांतील संपूर्ण जाळे नव्याने टाकण्यात आले आणि नंतरच मीटरनुसार बिले आली.

मलकापूर हे छोटे गाव होते, मोठ्या शहरात हे इतके सोपे नाही, असा आक्षेप येतो. तो रास्त आहे. नागपूरने २०१२मध्ये संपूर्ण शहराचा पाणीपुरवठा पंचवीस वर्षांच्या कराराने एका खासगी संस्थेकडे सोपवला. पाच वर्षांत सर्व शहराला चोवीस तास पाणी मिळेल असे तेव्हाचे उद्दिष्ट होते. ते त्या मुदतीत गाठता आले नाही. जुन्या शहरात जमिनीखाली काय दडले आहे, हे खोदल्याखेरीज कळत नाही. खोदले की वीज, दूरध्वनी आणि सांडपाण्याच्या जाळ्यात पाण्याची वाहिनी अडकलेली सापडते. अशा वेळी सर्वांत सोपे काम तेवढे पुढे जाते आणि ते काम म्हणजे मीटर बसवणे. मीटरची संख्या मोजता येते, तिचे छायाचित्र काढता येते आणि कंत्राटदाराचे देयकही तिच्यावर काढता येते.

पुण्यातील उलटा क्रम

पुण्याची योजना कागदावर चांगली होती, हे मान्य करावे लागेल. शहराचे १४१ विभाग, ८२ नव्या साठवण टाक्या, शेकडो किलोमीटर नव्या जलवाहिन्या आणि प्रत्येक विभागात किती पाणी शिरले व किती पोहोचले याची मोजदाद, अशी तिची मांडणी होती. तीसाठी महापालिकेने जून २०१७मध्ये मुंबई शेअर बाजारात २०० कोटी रुपयांचे रोखे विकले. एकूण २,२६४ कोटी रुपये उभारायच्या बेतातला तो पहिला हप्ता होता आणि त्यावर ७.५९ टक्के व्याज द्यायचे होते. देशात मोठ्या खंडानंतर एखादी महापालिका अशी बाजारात उतरली म्हणून त्या वेळी तिचे कौतुकही झाले. पण त्याच वर्षी कामाच्या निविदा वाढीव दरांच्या आक्षेपांमुळे रद्द कराव्या लागल्या. पैसा हाती, काम थांबलेले आणि व्याज सुरू, अशी स्थिती काही काळ राहिली. फेरनिविदा होऊन २०१८मध्ये काम सुरू झाले. पाच वर्षांची मूळ मुदत केव्हाच उलटून गेली.

दरम्यान पाणीपट्टी मात्र थांबली नाही. २०१६पासून दरवर्षी पट्टी वाढवत नेण्याचा दीर्घकालीन निर्णय सर्वसाधारण सभेने घेतला होता आणि पहिल्या काही वर्षांत ही वाढ १५ टक्क्यांपर्यंत होती. योजनेचा खर्च भागवण्यासाठी ही वाढ आहे, असे तेव्हा सांगण्यात आले. म्हणजे चोवीस तास पाण्याची किंमत पुणेकर आधीपासून मोजत आले आणि चोवीस तास पाणी मात्र बहुतांश भागाला मिळायचे राहिले. मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती गेला. त्यामुळे या विलंबाचा जाब भरसभेत विचारण्याची सोयही उरली नाही. अशा वेळी दारात मीटर घेऊन कर्मचारी उभा राहिला तर नागरिकाला त्यात नवी वसुली दिसते. याला अडाणीपणा म्हणता येणार नाही.

शहरातील गळती सुमारे ४० टक्के असल्याचे महापालिकेकडूनच वेळोवेळी सांगण्यात आले आहे. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २००८मध्ये पाणीपुरवठ्याचे जे मापदंड ठरवले त्यांत हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत आणायचे आहे. त्याच मापदंडांत सर्व नळजोडांवर मीटर आणि पाण्याच्या खर्चाची पूर्ण वसुली या अटीही आहेत. गंमत अशी की या तीन अटींपैकी नागरिकाला लागू होणाऱ्या दोन अटींचा जितका आग्रह धरला जातो तितका महापालिकेला लागू होणाऱ्या अटीचा धरला जात नाही.

परदेशातील दोन धडे

दूरवाचनाचे मीटर घाईने बसवले तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेच्या मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन हे आहे. या शहराने २०१२च्या अखेरीस सुमारे ९ कोटी डॉलरचे कंत्राट दिले. नवे मीटर, नवी बिलप्रणाली आणि जलवाहिन्यांची दुरुस्ती असे त्याचे स्वरूप होते. बचतीतूनच सारा खर्च निघेल असे शहराला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात काही मीटर चुकीच्या एककात मोजत असल्याचे आढळले, मीटर आणि बिलप्रणाली यांचा मेळ बसला नाही, हजारो ग्राहकांना बिले गेलीच नाहीत आणि काहींना न पेलणारी बिले गेली. शहराचा महसूल घसरला. २०१९मध्ये महापालिकेने कंत्राटदार कंपनीवर दावा लावला आणि २०२०मध्ये जवळपास मूळ कंत्राटाइतक्याच, ८ कोटी ९८ लाख डॉलरच्या रकमेवर तडजोड झाली. पण तोवर झालेले नुकसान भरून आले नाही. ऑगस्ट २०२२मध्ये शहरातील मुख्य जलशुद्धीकरण केंद्र कोलमडले आणि दीड लाखांच्या वस्तीला अनेक दिवस पिण्याच्या पाण्यासाठी रांगा लावाव्या लागल्या. त्या आपत्तीची कारणे अनेक होती. त्यांत वर्षानुवर्षांची दुर्लक्षित देखभाल जशी होती, तशी आटलेली तिजोरीही होती.

आयर्लंडचा धडा वेगळा आहे. तेथे तंत्र बिघडले नाही, विश्वास बिघडला. २०१३पासून तेथील नव्या राष्ट्रीय पाणी कंपनीने घरांबाहेर मीटर बसवायला घेतले आणि आठ लाखांहून अधिक मीटर बसवलेही. गाडीतून जाता जाता ते वाचता येत. परंतु आर्थिक मंदीने पिचलेल्या लोकांना, ज्या पाण्याचे पैसे करांतून आधीच भरले जातात असे त्यांना वाटत होते, त्याचे पुन्हा बिल येणे मान्य झाले नाही. २०१४मध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले. अखेर २०१६मध्ये आकारणी स्थगित झाली आणि पुढच्या वर्षी घेतलेले पैसे परत करण्यात आले. जमिनीत गाडलेले मीटर तेवढे राहिले. त्यांचा पुढे एक चांगला उपयोग झाला. घराच्या आवारातील गळती त्यांच्यामुळे सापडू लागली आणि पहिली दुरुस्ती कंपनीने विनामूल्य करून देण्याची योजना आखली. जे यंत्र वसुलीसाठी आणले तेव्हा लोकांनी नाकारले तेच यंत्र गळती शोधू लागल्यावर कोणाला खुपले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्रातही अशा अविश्वासाची परंपरा आहे. मुंबईत अंधेरी, जोगेश्वरी आणि विलेपार्ले पूर्व या भागांचा मिळून होणाऱ्या ‘के पूर्व’ विभागाचा पाणीपुरवठा सुधारण्यासाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने सल्लागार नेमला गेला, तेव्हा २००६मध्ये नागरिकांच्या संघटनांनी तो खासगीकरणाचा प्रयत्न म्हणून हाणून पाडला. अगदी अलीकडे विजेच्या स्मार्ट प्रीपेड मीटरविरुद्ध राज्यभर असंतोष उसळला आणि जून २०२४मध्ये तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांना सर्वसामान्य घरगुती ग्राहकांवर ते लादले जाणार नाहीत असे जाहीर करावे लागले. पाण्याच्या मीटरची वाट त्याच भूमीवरून जाते.

कोणाचे घर, कोणाचे मीटर?

‘घरगुती मीटर’ हा शब्दही फसवा आहे. मुंबई-पुण्यातील बहुसंख्य कुटुंबे सदनिकांत राहतात आणि मीटर असते ते संपूर्ण सोसायटीच्या नळजोडावर. सोसायटी बिल भरते आणि ते सदनिकांत समान वाटते. दोन वृद्धांच्या घराला आणि सहा माणसांच्या घराला सारखाच वाटा येतो. अशा वेळी मीटर कितीही आधुनिक असले तरी काटकसरीचे फळ काटकसर करणाऱ्याला मिळत नाही. प्रत्येक सदनिकेत मीटर बसवावे म्हटले तर जुन्या इमारतींत गच्चीवरील टाकीतून स्वयंपाकघराला एक, न्हाणीघराला दुसरी आणि शौचालयाला तिसरी अशा स्वतंत्र वाहिन्या उतरतात. एका घराला तीन-चार मीटर लागतात. नव्या इमारतींत एकाच वाहिनीतून सदनिकेला पाणी देण्याचा नियम बांधकाम परवानगीच्या वेळीच घालणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

वस्त्यांमध्ये प्रश्न याहून कठीण होतो. एका नळावर पाच-सात कुटुंबे अवलंबून असतात. वापर वाढेल तसा दर वाढवण्याची पद्धत उधळपट्टीला आळा घालण्यासाठी असते, पण सामाईक नळाच्या मीटरला त्यामागे किती माणसे आहेत हे कळत नाही. सात कुटुंबांचा काटकसरीचा वापर एका कुटुंबाच्या चैनीसारखा दिसतो आणि गरिबाला वरच्या टप्प्याचा दर लागतो. दिल्लीत २०१५पासून महिना २० हजार लिटरपर्यंतचे पाणी चालू मीटर असलेल्या घरांना मोफत देण्यात आले. दरडोई १३५ लिटरच्या मापदंडाने पाच माणसांच्या घराला महिन्याला साधारण तेवढेच पाणी लागते. त्यामुळे ही मर्यादा वरकरणी योग्य वाटते. मात्र मर्यादा ओलांडली की सर्वच पाण्याचे बिल, अशी ती योजना होती. अशा रचनेत मीटरची किरकोळ चूकही घराचे सारे गणित बदलते.

दूरवाचनाला जोडून आगाऊ पैसे भरण्याची पद्धत आली तर तिचे परिणाम दक्षिण आफ्रिकेत दिसले आहेत. जोहान्सबर्गच्या सोवेटोमधील फिरी वस्तीत असे मीटर बसवण्यात आले. महिन्याला सहा हजार लिटर पाणी मोफत आणि ते संपल्यावर पैसे भरेपर्यंत नळ बंद. एका आवारात अनेक कुटुंबे राहत असल्याने मोफत पाणी महिना संपण्याआधीच संपे. रहिवाशांनी न्यायालयात दाद मागितली. २००९मध्ये तेथील घटनापीठाने नगरपालिकेच्या बाजूने निर्णय दिला. कायद्याचा प्रश्न तेथे सुटला असेल, पण पाणी तोडण्याचे काम माणसाऐवजी यंत्राकडे गेले की दयामाया दाखवण्याची जागाच उरत नाही, हा प्रश्न सुटला नाही. दूरवाचन म्हणजे दूरवरून नळ बंद करणे नव्हे, हे महाराष्ट्रातील महापालिकांनी करारातच लिहून घ्यायला हवे.

मीटर वाचकाच्या जाण्याचेही दोन अर्थ आहेत. घरबसल्या आकडे लिहिणारा आणि चिरीमिरी घेऊन आकडा कमी करणारा वाचक गेला तर कोणी अश्रू ढाळणार नाही. पण त्याच माणसाला कोणत्या गल्लीत पाणी येत नाही, कुठे बेकायदा जोड आहे आणि कुठली वाहिनी गटारातून जाते, हे ठाऊक असे. नागरिकाला पाणी खात्यातला एकच चेहरा माहीत असतो आणि तो बहुधा याचाच असतो. या माणसांना काढून टाकण्यापेक्षा गळती शोधण्याच्या कामाला लावणे अधिक शहाणपणाचे ठरेल. रोजच्या रोज जमा होणारे आकडे घरात माणसे कधी असतात आणि घर कधी बंद असते, हेही सांगतात. ती माहिती कोणाच्या ताब्यात राहील आणि किती काळ ठेवली जाईल, याची नोंद प्रत्येक करारात असायला हवी. २०२३मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केल्यानंतर तर याबाबत मौन बाळगण्याला काही आधार उरत नाही.

आधी महापालिकेचा ताळेबंद

यातून मार्ग आहे आणि तो फार खर्चिक नाही. पहिली गोष्ट म्हणजे महापालिकेने स्वतःचे पाणी आधी मोजावे आणि ते जाहीर करावे. धरणातून किती उचलले, शुद्धीकरण केंद्रातून किती निघाले, कोणत्या टाकीला किती पोहोचले आणि कोणत्या विभागात किती शिरले, यासाठी मोठ्या वाहिन्यांवरील काही शे मीटर पुरतात. लाखो घरांत शिरण्याची त्यासाठी गरज नसते. हा ताळेबंद दरमहा विभागवार प्रसिद्ध झाला तर आपल्या भागात येणाऱ्या पाण्यापैकी किती जमिनीत मुरते, हे नागरिकाला दिसेल. मग त्याच्या दारातले मीटर त्या ताळेबंदातील शेवटची ओळ होईल आणि त्याला विरोध करण्याचे कारणही कमी होईल.

दुसरी गोष्ट, ज्या विभागात ठरलेल्या दाबाने सलग पाणी येऊ लागले आहे तेथेच मीटरनुसार आकारणी सुरू करावी, आणि तीही किमान वर्षभर केवळ नमुना बिले देऊन. जुन्या पद्धतीने किती आकारले आणि मीटरप्रमाणे किती झाले असते, हे दोन्ही आकडे एकाच कागदावर यावेत. चुकीची मीटरे, घरातील गळती आणि चुकीची नावे या काळात सापडतील आणि कोणाला आर्थिक फटकाही बसणार नाही.

तिसरी गोष्ट तपासणीची. किराणा दुकानदाराच्या तराजूवर वजनमापे खात्याचा शिक्का लागतो. वैधमापन कायद्याच्या कक्षेत पाण्याचे मीटरही येते आणि घरगुती मीटरसाठी आयएस ७७९ हे भारतीय मानक आहे. तेव्हा ज्या महापालिकेने मीटर बसवले तिनेच ते बरोबर असल्याचा निर्वाळा द्यावा, हे न्याय्य नाही. ग्राहकाने शंका घेतल्यास स्वतंत्र केंद्रात तपासणी, ठरावीक दिवसांत निकाल आणि मीटर सदोष निघाल्यास तपासणीचा खर्च महापालिकेवर, असा नियम हवा. तोवर वादग्रस्त रकमेसाठी नळ तोडला जाऊ नये.

चौथी गोष्ट दहा वर्षांनंतरची. प्रेषकाची बॅटरी साधारण तेवढीच चालते. तीन लाख मीटरच्या बॅटऱ्या एका सुमारास संपू लागल्या की तो खर्च कोणाचा, हे आज ठरले पाहिजे. एकाच कंपनीचे मीटर, तिचेच ग्राहक यंत्र आणि तिचीच संगणकप्रणाली अशी बांधिलकी झाली तर पुढील प्रत्येक दुरुस्तीसाठी महापालिकेला त्याच दारात उभे राहावे लागते. जॅक्सनमध्ये मीटर एकीकडे आणि बिलप्रणाली दुसरीकडे अशी ओढाताण झाली. तिचा बोध करार लिहितानाच घ्यायला हवा.

हे सारे आदर्शवादी वाटेल. पण याहून कठीण स्थितीतून एका शहराने हे करून दाखवले आहे. कंबोडियाची राजधानी नोम पेन्ह १९९३मध्ये यादवी युद्धातून बाहेर पडत होती, तेव्हा तेथील ७२ टक्के पाण्याचा हिशेब लागत नव्हता. पाणी प्राधिकरणाचे प्रमुख एक सोन चान यांनी सुरुवात आपल्या कार्यालयापासून केली. ग्राहकांच्या याद्या घरोघर फिरून तपासल्या, बेकायदा जोडांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्यांवर कारवाई केली, वाहिन्या बदलल्या आणि काही वर्षांत प्रत्येक जोडावर मीटर बसवले. मंत्री, सेनाधिकारी आणि सरकारी कार्यालये यांनाही त्यातून सूट मिळाली नाही. गरीब वस्त्यांना जोडणीसाठी सवलत देण्यात आली. पुढील दीड दशकात हिशेबाबाहेरचे पाणी सहा टक्क्यांच्या आसपास आले. या कामासाठी एक सोन चान यांना २००६चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या यशाच्या काळात तेथील मीटर साधे, डोळ्यांनी वाचायचे होते.

महाराष्ट्रातील शहरे आज त्याहून कितीतरी सुस्थितीत आहेत. त्यांच्याकडे पैसा आहे, अभियंते आहेत आणि जगातील कोणतेही तंत्र विकत घेण्याची सोय आहे. दारातल्या मीटरचा आकडा रोज कार्यालयात पोहोचू लागेल तेव्हा त्याच दिवशी कार्यालयातला आकडाही दारापर्यंत पोहोचला पाहिजे, एवढी व्यवस्था महापालिकांनी केली तर मीटर बसवायला पोलिस बंदोबस्ताची गरज भासणार नाही. तसे न करता केवळ नागरिकाचीच बादली मोजायची असेल, तर नवे मीटर जुन्या संशयात भर घालतील आणि पुढच्या निवडणुकीत कोणीतरी ते काढून टाकण्याचे आश्वासन देईल.